संध्याकाळी सहानंतर सुटणारी खा-खा: कोणी काय केलं?

लोकलवाला

नमस्कार मंडळी. वय ४६, राहायला डोंबिवली, ऑफिस फोर्टात. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीए१सी (साखरेची रक्ततपासणी) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले गोळी सध्या नको, तीन महिने खाणं सुधारा, चाला, मग परत बघू. वडिलांना डायबेटिस होता त्यामुळे घरात सगळे एकदम सिरियस झालेत. मैदा बंद, साखरेचा डबा वरच्या फळीवर, दुपारच्या डब्यात तीन पोळ्या होत्या तिथे एक पोळी, काकडी-टोमॅटो आणि कुठलीतरी फळभाजी. रात्री भात नाहीच.

सकाळ-दुपार निघून जाते हो, कामात कळतही नाही. खरा खेळ सुरू होतो संध्याकाळी. सीएसएमटीला गाडीत चढलो की घाटकोपर येईपर्यंत डोक्यात फक्त खाणं. डोंबिवलीला पुलाखाली एक वडेवाला आहे, तो घाणा काढतो आणि झाऱ्यावर वडे निथळत ठेवतो, शेजारी ती लाल सुकी चटणी आणि तळून मीठ लावलेल्या मिरच्या, पाय आपोआप थांबतात, एकावर भागत पण नाही. आणि मन मारून तसाच घरी आलो तर डबे उघडत बसतो, आईचं फरसाण, मुलीची खारी, काहीच नसलं तर शेंगदाणे-गूळ. मग वर जेवण आहेच. साडेदहाला परत "काहीतरी गोड आहे का". गंमत म्हणजे मला आधी गोडाचं एवढं वेड नव्हतं, बंद केल्यापासून सुटलंय हे!

तर प्रश्न असा की ही तलफ कमी होते का कधी? तुम्ही लोकांनी काय केलं? (मनावर ताबा ठेवा हे उत्तर बायकोने आधीच दिलंय, कृपया रिपीट नको.)

---

कढीपत्ता

दादा, तुम्ही प्रश्न संध्याकाळचा विचारलाय पण लोचा दुपारी आहे. एक पोळी आणि काकडी हे ४६ वर्षांच्या माणसाचं जेवण आहे का? एक वाजता एवढंसं खायचं, मग सात-साडेसातपर्यंत पोटात फक्त चहा, आणि मधे फोर्ट ते डोंबिवली उभ्याने प्रवास. ही तलफ नाही, ही भूक आहे सरळ सरळ. वडेवाल्याला उगाच दोष देताय.

आमच्याकडे ह्यांचं असंच झालं होतं म्हणून सांगते. पोळ्या कमी केल्या ते ठीक, पण त्या जागी दुसरं काही आलं पाहिजे ना. डब्यात रोज एक मोठी वाटी उसळ किंवा घट्ट डाळ किंवा दोन उकडलेली अंडी चालत असतील तर अंडी, सोबत दही. मटकी, मूग, चवळी, हरभरा, मसूर फिरवत राहायचं. मटकी सुकी असताना १०० ग्रॅमला साधारण २३ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे मूठभर भिजवली तरी डब्यात बऱ्यापैकी पडतं. दोन पोळ्या खा हवं तर, किंवा ज्वारीची भाकरी. प्रोटीन आणि चोथा दोन्ही पोटात असलं की पाच वाजता हात थरथरत नाहीत.

दुसरं म्हणजे ऑफिसमधून निघायच्या *आधी* खायचं. गाडीत चढल्यावर नाही, घरी आल्यावर नाही. पाच-सव्वापाचला मूठभर फुटाणे आणि ताक. ह्यांच्या ड्रॉवरमध्ये स्टीलची छोटी डबी असते फुटाण्यांची, भरून देणं माझं काम. सालासकट खायचे.

तुमच्या बायकोने जे केलंय ते काळजीपोटीच केलंय, पण एकदम एवढं कापायला नको होतं.

---

सातारी_ठेचा

मीठ लावलेल्या मिरच्यांचं वर्णन वाचून मी आत्ता उठून चप्पल घातलीय. धागा बंद करा राव.

---

स्टेथोस्कोप

कढीपत्ता ताईंशी सहमत, थोडी भर घालतो. मी डॉक्टर आहे पण तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

५.७ ते ६.४ ही प्रीडायबेटिसची, म्हणजे डायबेटिसच्या आधीच्या पायरीची पट्टी, ६.५ पासून पुढे डायबेटिस. ६.२ म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी वेळ दिलाय तो योग्यच आहे. एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं म्हणून तीन महिने. घाबरून उपाशी राहायचं कारण नाही.

तुम्ही लिहिलंय बंद केल्यापासून गोड सुटलंय, ते अगदी नेहमीचं आहे. एक तर मनाई केलेल्या गोष्टीकडे लक्ष जास्त जातं. दुसरं, तुमच्या चहात साखर किती होती? दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे धरले तर आठ चमचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या आत म्हणते आणि आपल्या आयसीएमआर-एनआयएनच्या (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ च्या आहार मार्गदर्शनातही आकडा तोच आहे. आठवरून एकदम शून्यावर आणलं की जीभ भांडणारच. दोनचा दीड, दीडचा एक, एकाचा अर्धा, असं उतरवलं तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते. मिठाचंही तसंच असतं. कमी गोडाची सवय झाल्यावर लग्नातली बासुंदी घशाशी येते, हे पेशंट स्वतः येऊन सांगतात.

झोप किती होते ते लिहिलं नाहीत. पहाटेची गाडी आणि रात्री बारापर्यंत मोबाईल असं असेल तर भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी माणूस भाजी मागत नाही, वडाच मागतो.

अजून एक, हे तुमच्यासाठी नाही पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांना अचानक घाम, थरथर, धडधड आणि जोराची भूक असं सगळं एकत्र आलं तर ती तलफ समजून दाबू नका. साखर खाली आलेली असू शकते. ग्लुकोमीटरवर बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून. आणि डॉक्टरांना कळवा.

---

दोनवेळ

एवढी चर्चा कशाला? डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, बस्स. माझी संध्याकाळची खा-खा गेली म्हणजे गेली. सारखं थोडं थोडं खायला सांगणारेच तलफ जिवंत ठेवतात. फुटाणे पण नकोत.

---

कढीपत्ता

तुम्हाला जमलं, छान आहे. पण हा माणूस आत्ता एक पोळी खाऊन सहाला भुकेने कळवळतोय, त्याला "फुटाणे पण नकोत" सांगून काय होणार आहे? पुलाखालचा वडा. दोनदा जेवायचं तर ती दोन जेवणं भरभक्कम लागतात, हे सांगायचं राहतं नेहमी.

---

स्टेथोस्कोप

दोनवेळ, काहींना तो पॅटर्न मानवतो हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण साखर उतरवणारी औषधं चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि ज्यांना अॅसिडिटीचा किंवा खाण्याच्या वागणुकीचा जुना त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. लोकलवाल्यांना गोळी नाही, ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलून बघू शकतात.

---

लोकलवाला

सगळ्यांचे आभार. डब्याबद्दल लिहिलंत ते बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली "हे तुम्हीच म्हणाला होतात एक पोळी द्या म्हणून", तर तो विषय तिथेच संपला :) उद्यापासून दोन पोळ्या आणि उसळ.

चहा पाच कप होता, ऑफिसमधला तर मशीनचा, त्यात साखर आधीच घातलेली येते. झोप साडेपाच तास, फार तर सहा.

रात्रीच्या गोडाचं मात्र अवघड आहे. आई म्हणते गुळाने काही होत नाही, नैसर्गिक आहे, आमच्या वेळी सगळे गूळच खायचे. जेवण झालं की ती स्वतः खडा तोडून माझ्या ताटात ठेवते. ७४ वर्षांच्या बाईला काय सांगायचं आणि कसं सांगायचं.

---

रानजाई

आईंना "गूळ वाईट" असं सांगूच नका, त्यांना ते पटणार नाही आणि का पटावं, त्या आयुष्यभर खाऊन टुणटुणीत आहेत. पण गुळात लोह-बिह जे काय असतं ते थोडंसंच, बाकी साखरच आहे आणि कॅलरीही जवळपास तेवढ्याच. तुमच्या रक्ताला तो खडा उसाच्या मळ्यातून आला की कारखान्यातून हे कळत नाही. मधाचंही तेच.

मी सासूबाईंना काम देऊन टाकलं. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय जेवणानंतर ह्यांना गोड द्यायचं नाही, पण बडीशेप-ओवा-तीळ भाजून द्यायला सांगितलंय, तुमच्या हातची चांगली होते." झालं, आता रोज त्याच डबी पुढे करतात. तीळ जरा तडतडले की उतरवायचे, बडीशेप मंद आचेवर, शेवटी सैंधव आणि लिंबू पिळून पुन्हा परतायचं. दुकानातल्या मुखवासात आणि आवळा सुपारीत साखर असते बरेचदा, ती घेऊ नका. ज्याला खायला घालायची सवय आहे त्याच्याकडून ते काढून घेतलं की तो चिडतो, दुसरं काहीतरी खायला घालायला दिलं की खूश.

जेवणाचा क्रम पण बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि उसळ, पोळी नंतर, भात असेल तर सगळ्यात शेवटी आणि कमी. याने जेवणानंतरची साखर कमी उसळी मारते. आणि जेवल्यावर बिल्डिंगखाली दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या. दात घासून टाकायचे फिरून आल्यावर. ऐकायला बावळट वाटेल, पण पेस्टची चव तोंडात असताना गूळ बकवास लागतो.

---

कट्टर_कोल्हापुरी

मी वेगळं सांगतो. मला थोडं-थोडं जमत नाही. एक बाकरवडी हा प्रकार माझ्यासाठी अस्तित्वात नाही, एक तर शून्य नाहीतर पाकीट. म्हणून घरात आणणंच बंद. आणायचं नाही, आणू द्यायचं नाही, पाहुण्यांनी आणलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटून टाकायचं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे डोकं फिरल्यासारखं झालं, चिडचिड, बायकोने माहेरी जायची धमकी दिली. मग आपोआप निवळलं. आता समोर फरसाणची थाळी असली तरी काही होत नाही, पण एक दाणा तोंडात टाकला की परत पहिल्यापासून. ज्याला आपला स्वभाव माहितीय त्याने उगाच "प्रमाणात खा" च्या नादी लागू नये.

---

रविवारची_मिसळ

कट्टर, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर, पण मला उलट अनुभव. पूर्ण बंद केलं की मी पंधरवड्याने एक दिवस असा काही तुटून पडायचो की विचारू नका. आता रविवारी सकाळी बाहेर मिसळ, ठरलेली, बसून, तर्रीसकट, एकच पाव, वर ताक. सोमवार ते शनिवार तिच्याकडे बघायचं पण नाही. आठवड्यात इच्छा झाली की मनाला सांगतो "रविवारी". नाही म्हणण्यापेक्षा नंतर म्हणणं सोपं जातं बुवा.

लोकलवाले, तुम्ही शनिवारचा एक वडापाव ठरवून टाका, घरच्यांना घेऊन जा, बसून खा. थकून-भागून उभ्या उभ्या गिळलेले दोन आणि ठरवून खाल्लेला एक यात फरक आहे. बाकीचे दिवस दुसऱ्या पुलाने उतरा! डोंबिवलीला एवढे जिने आहेत, त्याच वड्याच्या बाजूने उतरायचा नियम आहे का?

---

चिंचगूळ

थोडं अवांतर. "हेल्दी" म्हणून जे आणतो ते पण पाकीट उलटून वाचत जा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे पहिलं नाव ज्याचं ते सगळ्यात जास्त. "डायजेस्टिव्ह" म्हणून आणलेल्या बिस्किटात पहिलं नाव मैदा असतं कित्येकदा, मग साखर आणि पामतेल. डाएट चिवडा नावाच्या गोष्टीत पण तेल बऱ्यापैकी असतं. आणि मखाणे तुपात परतून वाडगाभर खाणाऱ्यांनी तूप मोजावं एकदा.

उपासाचं कोणी बोललंच नाही. संकष्टी करता का? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रोटीन नावालाही नाही, वर बटाटा. खिचडी खाल्ली की तीन तासांत परत भूक आणि मग वेफर्स, मग उपासाचा चिवडा, मग चंद्रोदयाला मोदक. उपासाला आमच्याकडे हल्ली राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दही. खिचडीची आठवण येते, खोटं कशाला बोलू, पण दिवस शांत जातो. मोदक एक, उकडीचा, जेवणासोबतच.

---

पाऊलवाट

विषय निघालाच आहे तर डॉक्टरांना विचारते. माझ्या बहिणीला गोड-तिखट काही नाही, कच्चे तांदूळ खायची तलफ येते. निवडता निवडता बचकभर खाते. आणि बर्फ चघळते. आई म्हणते कॅल्शियम कमी आहे. हे पण क्रेव्हिंगच का?

---

स्टेथोस्कोप

याला पायका म्हणतात आणि यात सगळ्यात आधी लोह बघायचं. कच्चे तांदूळ, बर्फ, खडू, भाजकी माती, अशी इच्छा होणाऱ्या बायकांमध्ये लोहाची कमतरता वरचेवर सापडते, पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर जास्तच. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या रक्ततपासण्या करून घ्या. फक्त हिमोग्लोबिन बघून थांबू नका, ते ठीक असतानाही साठा कमी असू शकतो. कमतरता निघाली आणि औषध नीट घेतलं तर बर्फाची तलफ बऱ्याच जणींची पटकन जाते. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगलं. आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळी.

---

पाऊलवाट

खूप आभार. उद्याच नेते तिला.

---

दोनवेळ

कढीपत्ता, मी "जेवणं भरभक्कम लागतात" हे लिहायचं सोडलं कारण ते मला गृहीत होतं. असो. लोकलवाले, तुम्ही मशीनचा चहा तेवढा बंद करा, बाकी तुम्हाला हवं ते करा.

---

लोकलवाला

हो, मशीनचा चहा बंद केलाय, खाली टपरीवर बिनसाखरेचा सांगतो, तो पोरगा पहिल्यांदा दोनदा विचारून गेला "साहेब, नक्की ना?"

आठवडाभराचा रिपोर्ट देतो. उसळ-पोळी आणि निघताना फुटाणे याने गाडीतली वखवख बरीच कमी झालीय, म्हणजे वडा दिसतो, वास येतो, पण पाय चालत राहतात, बहुतेक दिवस. शुक्रवारी गाड्या रखडल्या होत्या, सव्वानऊला उतरलो आणि खाल्ला. एकच. कट्टरसाहेबांचं "एकदम बंद" मला जमेल असं वाटत नाही, रविवारची_मिसळ यांचं शनिवारचं पटलंय, मुलगी तर लगेच तयार झाली. रात्रीचं गोड अजून सुटलेलं नाही, बडीशेपेवर आई राजी आहे पण खडा तोडायचा हात काही थांबत नाही, मी तो हळूच मुलीच्या ताटात सरकवतो.

कढीपत्ता ताई, एक विचारायचं होतं. बायको सकाळी पाचला डबा करते, मी जेवतो एकला. या उकाड्यात मटकीच्या उसळीला दोनदा आंबूस वास आला, टाकून द्यावी लागली. ऑफिसात फ्रिज नाही. काय करायचं?

---

कढीपत्ता

रस्सा ठेवू नका, सुकी करा. आणि ओलं खोबरं अजिबात नको, आंबतं ते त्याने आधी. उन्हाळ्यात मोड एका रात्रीत येतात, त्यापेक्षा जास्त वेळ फडक्यात ठेवली तर करायच्या आधीच वास धरते. मोड आले की धुऊन फ्रिजमध्ये टाका. सकाळी फोडणीत जिरं, हिंग, कढीपत्ता (माझा आग्रह आहे), मटकी परतून झाकण ठेवून वाफ, पाण्याचा हबका फक्त, शिजली की झाकण काढून पाणी पूर्ण आटवायचं. मीठ-तिखट, जरा आमचूर. ताटात पसरून पंख्याखाली गार करायची आणि मगच डब्यात, गरम भरून झाकण लावलं की घाम धरते तिथेच सगळं बिघडतं. कांदा कच्चा घालायचा तर ऑफिसात चिरा, लिंबाची फोड वेगळी द्या.

आणि पाचला करून एकला खायचं असेल तर अगदी कडक उन्हाळ्यात मटकीपेक्षा सुकं पिठलं जास्त टिकतं. झुणका म्हणा. भाकरीसोबत द्यायला सांगा तिला.